गोळी पहाटेची, काढा दुपारचा

कोकणात थायरॉइड मंदावल्याची खूण लवकर लक्षात येत नाही. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, 'थंडी जास्त वाजते का?' आता मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत थंडी वाजायला ती असावी तर लागते! इथे ही खूण वेगळ्या रूपात येते. मे महिन्यात घरातल्या सगळ्यांच्या पाठी घामाने निथळत असतात आणि एकाच माणसाची कातडी कोरडी, खरखरीत, पंख्याखाली चादर ओढावीशी वाटणारी. सोबत सकाळी सुजलेले डोळे, बसका आवाज, तीन-तीन दिवस साफ न होणारं पोट, पाळीत जास्त रक्त जाणं, रात्री पिंडऱ्यांत येणारे गोळे. हे सगळं 'उकाड्याने अंगात त्राण नाही' या एका वाक्याखाली झाकलं जातं. माझंही तसंच झाकलं गेलं होतं. म्हणून घाम न येणं हे लक्षण मी आता पहिलं सांगते.

रक्ताच्या तीन तपासण्या पुरतात: टीएसएच, फ्री टी-फोर (थायरॉइडचं रक्तात फिरणारं हार्मोन) आणि एकदाच अँटी-टीपीओ. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हाकारा असतो. ग्रंथी जितकी कमी काम करते तितका हाकारा मोठा होतो, म्हणून आजारात हा आकडा वाढतो. बहुतेक लॅब साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ ही मर्यादा छापतात. आकडा १० च्या वर असेल किंवा फ्री टी-फोर कमी असेल तर बहुधा थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच हार्मोनची, गोळी सुरू होते. साडेचार ते दहाच्या मधे आणि फ्री टी-फोर नीट असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, कारण मोठ्या तापानंतर वगैरे टीएसएच तात्पुरता चढलेला असू शकतो. आहार, दिनचर्या आणि वैद्यांची औषधं यांना खरा वाव या मधल्या पट्ट्यात आहे. अँटी-टीपीओ वाढलेलं असेल तर शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली आहे असं समजायचं. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली हा प्रकार प्रथम मांडला, त्यामुळे रिपोर्टवर त्यांचं नाव दिसतं.

आयुर्वेदात 'हायपोथायरॉइड' असा एकच नेमका आजार नाही. ग्रंथांत गलगंड आहे, पण ते गळ्याच्या सुजेचं वर्णन. आजचे वैद्य या अवस्थेकडे अग्निमांद्य म्हणून पाहतात: आधी जाठराग्नी (पोटातली पचनशक्ती) मंद, मग धात्वग्नी (रस, रक्त, मेद अशा धातूंमधली पचनशक्ती) मंद, त्यावर कफाचं आवरण आणि मेदाची वाढ. रोजच्या जेवणाखाण्यासाठी ही मांडणी फार उपयोगी आहे. जड काय, हलकं काय, कधी झोपायचं, कधी चालायचं, सगळं तिच्यातून सुटतं. मात्र जी ग्रंथी प्रतिकारशक्तीने खाऊन टाकली आहे, शस्त्रक्रियेने काढली आहे किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली आहे, तिच्यातून कुठलाही काढा हार्मोन काढू शकत नाही. नवजात बाळात हा दोष निघाला तर एक दिवसही वाट बघायची नाही, गोळी लगेच.

इथे सगळ्यात जास्त माणसं जिथे फसतात ते सांगते. कोणी तरी काढ्याची पुडी देतं आणि म्हणतं, गोळी बंद करा. माणूस बंद करतो. पहिले दोन आठवडे अगदी छान जातात, आणि काढा लागू पडला अशी खात्री होते. कारण साधं आहे. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणजे गोळी सोडल्यावर आठवड्याने निम्मा साठा उरतो, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. ते बरं वाटणं जुन्या गोळीच्या शिलकीवरचं असतं. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहिला की तो चढलेला दिसतो, आणि तोवर पायावर सूज आलेली असते. डोस कमी करायचा असेल तर तो रक्ताच्या आकड्यावरून, डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.

गोळी चालू असताना आयुर्वेदिक पथ्य आणि औषध सांभाळायचं म्हणजे मुळात घड्याळ सांभाळायचं. माझी गोळी पहाटे साडेपाचला, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पोटात दुसरं काही नाही. चहा-कॉफीही नाही. कॉफीने गोळी कमी शोषली जाते आणि दुधातला कॅल्शियमही आड येतो. सकाळी उठल्या उठल्या मध-लिंबू, मेथीचं पाणी, कोरफडीचा रस असलं काही घ्यायची सवय असेल तर ती गोळीनंतर तासाने ढकलायची. पहाट ज्यांना जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. सातला जेवणाऱ्या घरात दहाची वेळ सहज बसते.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास दूर ठेवा, हे औषधाच्या दुकानातही सांगतात. आयुर्वेदिक औषधांचं मात्र कोणी सांगत नाही. शंखभस्म, प्रवाळ पिष्टी, मुक्ताशुक्ती हे मुळात कॅल्शियमच. आम्लपित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या कामदुधात आणि सूतशेखरात ती भस्मं असतात. मंडूर आणि लोहभस्म हे लोह. ही औषधं 'सकाळी अनशापोटी' घेतली की थायरॉक्सिनची गोळी त्यांच्याशी बांधली जाऊन आतड्यातून तशीच पुढे जाते. डोस वाढवत नेला तरी आकडा उतरत नाही असं झालं की आधी हे पाहायचं. इसबगोलाचंही तेच, ते रात्री. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही थायरॉक्सिनचं शोषण घटतं. आमच्याकडचा नियम असा की वैद्यांचं कुठलंही औषध दुपारच्या जेवणाआधी तोंडात जात नाही. तसं स्पष्ट सांगितलं तर वैद्य वेळा बदलून देतात.

आता मीठ. किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा समज असा की समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असतं. तसं नाही. मिठागरात ऊन लागून दाणा तयार होतो त्यात आयोडीन नावापुरतंच उरतं. शिरोड्याच्या मिठागरावर १९३० साली सत्याग्रह झाला, ते मीठ आपल्या अभिमानाचं आहे, पण खडेमीठ लोणच्याला, आमसुलं घालायला, मासळी खारवायला वापरावं. रोजच्या आमटीभाजीत आयोडीनयुक्त मीठ. भारतात २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे, आणि ग्राहकाच्या हातात पडताना त्यात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं. म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणात २५०.

पेच येतो तो सैंधवाचा. आयुर्वेदात मिठांमधे सैंधव श्रेष्ठ, आणि ते पचनाला हलकं हेही खरं. पण त्यात आयोडीन जवळपास नसतं. घरातलं सगळं मीठ बदलून सैंधव केलं आणि त्याच वेळी मासेही सोडले, तर गरज भागायला वाटच उरत नाही. मी सैंधव ठेवते ते ताकाला, चटणीला आणि उपासाला. स्वयंपाकाला डब्यातलं आयोडीनयुक्त मीठ, आणि तेही फोडणीत नाही, पदार्थ उतरवताना, कारण आयोडीन उष्णतेने उडतं. डबा घट्ट झाकणाचा. पावसात उघड्या वाडग्यातलं मीठ पाझरतं आणि पाण्याबरोबर आयोडीनही जातं. याच्या दुसऱ्या टोकाला समुद्री शेवाळाच्या गोळ्या आहेत, 'थायरॉइडला ताकद' म्हणून विकल्या जातात. हाशिमोतो असलेल्या माणसाला जास्तीचं आयोडीन आणखी खाली ओढतं. त्या घेऊ नयेत.

मासे हवेतच. समुद्राच्या माशांत आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही असतं. तळलेल्या तुकड्यापेक्षा तिखलं बरं: बांगडा, लाल तिखट, हळद, आमसुलं आणि ठेचलेली चार-पाच तिरफळं. तिरफळ कटु, उष्ण, भूक आणणारं. मंद अग्नीला याहून चांगलं घरगुती औषध मला माहीत नाही. माशांबरोबर दूध नाही, आणि मासे रात्री उशिरा नाहीत. सोलकढी दुपारी चालते. नारळाचं दूध जड, म्हणून रात्री नुसतं आमसुलाचं सार.

कुळथाची पिठी मात्र आमच्या घरी आठवड्यातून तीनदा. कुळीथ उष्ण, रूक्ष, कफ आणि मेद कमी करणारा. दोन माणसांना दोन मोठे चमचे भाजलेल्या कुळथाचं पीठ, तीन वाट्या पाणी. आधी पीठ अर्धी वाटी गार पाण्यात हाताने कालवून घ्यायचं, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. चमचाभर तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून लाल करायच्या, त्यात कांदा, मिरची, मग उरलेलं पाणी आणि तीन आमसुलं. उकळी फुटली की कालवलेलं पीठ बारीक धारेने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटं मंद आचेवर. पिठीला चकाकी येते आणि कच्चा वास जातो, तेव्हा मीठ घालून उतरवायची. सोबत उकड्या तांदळाचा भात किंवा भाकरी. ज्या बाईला पाळीत फार रक्त जातं, आणि या आजारात ते बऱ्याचदा होतं, तिने त्या चार-पाच दिवसांत पिठीऐवजी मुगाचं कढण घ्यावं. कुळीथ तेव्हा उष्ण पडतो.

कोबी, फ्लॉवर, मुळा यांची धास्ती लोक फार घेतात. त्यांतली ग्रंथीला आड येणारी द्रव्यं शिजवल्यावर बरीच कमी होतात. कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा रस रोज वाडगाभर घेणं टाळलं की झालं. सोयाबीनचं पीठ, सोया चंक्स मात्र गोळीच्या जवळपास नकोत. रोज बाजरीवर राहणंही नको. ते आपल्याकडे तसंही होत नाही.

औषधांत पहिलं नाव कांचनार गुग्गुळाचं. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि या सगळ्यांच्या वजनाइतका गुग्गुळ. मुळात ते गाठी आणि गळ्याच्या सुजेचं औषध. ज्यांची ग्रंथी वाढलेली आहे, अंगात जडपणा आणि कफ आहे, त्यांना वैद्य साधारणपणे पाचशे मिलिग्रॅम ते एक ग्रॅम, दोन वेळा, जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर देतात. गुग्गुळाने काहींच्या अंगावर पुरळ येतं, काहींना जुलाब होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेमसारख्या रक्तदाबाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं. गरोदरपणात गुग्गुळ अजिबात नाही.

सालीचा काढा सांगितला असेल तर साल कोणाची हे नीट बघायचं. कांचनारासारखं, जुळ्या पाकळीचं पान आपट्याचंही असतं, आणि गुलाबी देवकांचनाचंही. औषधाचा कांचन फुलतो तो थंडी सरताना, झाडावर पानं जवळजवळ नसताना. देवकांचन दिवाळीच्या आसपास भरल्या पानांत फुलतो. झाड फुलात असताना बघून खूण करून ठेवावी, नाहीतर दसऱ्याच्या आपट्याचीच साल उकळत बसतो आपण. दहा ग्रॅम जाडसर भरड, १६० मिली पाणी, उघड्या भांड्यात मंद आचेवर चाळीस मिली उरेपर्यंत. झाकण ठेवायचं नाही, ॲल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही. गाळून कोमट असतानाच, दुपारी चारला, चहाच्या जागी. उरला तर दुसऱ्या दिवशी नाही. आपल्या हवेत काढा रात्रीतून आंबतो.

अश्वगंधा आता पेठेत सगळीकडे आहे. टीएसएच थोडा चढलेल्या ५० जणांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क, आठ आठवडे, आणि आकडे सुधारले. अभ्यास लहान आहे, पण काही तरी परिणाम होतो एवढं त्यातून कळतं. म्हणूनच जपायचं. गोळी चालू असताना अश्वगंधा जोडली आणि छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं सुरू झालं, तर हार्मोन जास्त होतंय, लगेच रक्त तपासायचं. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर अश्वगंधा त्याच दिवशी बंद, कारण यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात नको. आणि लेबल नसलेली 'थायरॉइडची पुडी' कोणाच्याही हातून घेऊ नये. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटक हवेतच.

दिनचर्येत सगळ्यात कठीण सोडायला दुपारची झोप. मासे-भात जेवून आरामखुर्चीत डोळा लागणं हे किनाऱ्यावरचं सुख आहे, पण कफ आणि मेद वाढलेल्याला दिवसा झोपणं वर्ज्यच. मी जेवल्यावर शंभर पावलं चालते आणि बसून निवडण-टिपण करते. व्यायाम अर्धशक्तीने, म्हणजे कपाळाला आणि काखेत घाम येईपर्यंत, असं आयुर्वेद सांगतो. इथे अडचण अशी की या आजारात घामच कमी येतो. त्यामुळे घामाची वाट बघत माणूस दमून जातो. घामाऐवजी श्वास बघावा, तोंडाने घ्यावासा वाटला की थांबायचं. सुरुवातीला ओल्या, घट्ट वाळूवर वीस मिनिटं. मऊ वाळूत पिंडऱ्यांवर ताण येतो आणि रात्री गोळे चढतात. अंगाला खोबरेल लावायची आपली सवय, पण ते शीत. या अवस्थेत कोमट तिळतेल, आणि आंघोळीला साबणाऐवजी कुळथाचं पीठ, खालून वर चोळत. सर्वांगासनाने हार्मोन वाढतं असं म्हणतात, त्यावर भिस्त ठेवू नये. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर करूच नये.

पावसाळ्यात हे सगळं एकदम सैल पडतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, लगेच श्रावण, मग गणपती. तीन-साडेतीन महिने ताजा मासा जवळजवळ नाही, आणि उपासाला सैंधव. या काळात अंडी आणि आयोडीनयुक्त मीठ यांकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा वरी तांदूळ आणि ताक. हवेमुळे अग्नीही मंद, म्हणून पाणी उकळलेलं, लिटरला पाव चमचा सुंठ घालून. रानात टाकळा कोवळा असतो तेव्हा लसणीवर त्याची भाजी, पोट साफ ठेवायला त्याच्याइतकी सोपी दुसरी नाही.

आणि दमटपणा. थायरॉक्सिनची गोळी ओल, उजेड आणि उष्णता यांनी कमजोर होते, वरून काही दिसत नाही. बाटलीतली असेल तर बाटलीतच ठेवायची, आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही, महिन्याच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या खणांत काढून ठेवायच्या नाहीत. चुलीजवळची फळी नको, फ्रिजही नको: बाहेर काढली की बाटलीला आतून पाणी सुटतं. कौलाखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. गुग्गुळाच्या गोळ्या ओलीने मऊ पडून एकमेकींना चिकटतात, भरडीला बुरशी येते. चिकटलेल्या, वास बदललेल्या टाकून द्याव्या.

डोस बदलला, औषध जोडलं किंवा वैद्यांनी काही बंद केलं, की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी केला तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो. दरवेळी एकच लॅब, साधारण तीच सकाळची वेळ, आणि रक्त दिल्यावर मग गोळी. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, ते रिपोर्टच बिघडवतं, म्हणून दोन-तीन दिवस आधी बंद. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन, पहिल्या महिन्यांतच गोळी वाढवावी लागते आणि बाळाच्या मेंदूसाठी त्यात उशीर चालत नाही. म्हाताऱ्या माणसाला गुंगी, अंग गार पडणं, नाडी फार मंद असं दिसलं तर वैद्य-डॉक्टर असा विचार न करता थेट दवाखाना.

एक वही मात्र दोघांनाही दाखवायची, डॉक्टरांना आणि वैद्यांना. डावीकडे तारीख, टीएसएच, गोळीचा डोस. उजवीकडे वैद्यांची औषधं, कधी सुरू, कधी बंद, वेळ काय. खाली वजन, पोट साफ होण्याचे दिवस, पाळी. माझ्या वहीत दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ ठरलेली: नवी बाटली उघडली, जुन्या भरडीची पिशवी टाकली, मिठाच्या डब्याचं झाकण बदललं.